१० मीटर एअर रायफल : कमी खर्चात चांगला ग्रुप देणारे छर्रे कसे निवडायचे?

निवांत नेमबाज (धागाकर्ता)

‘सगळ्यात चांगला छर्रा कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नातून नळीच गाळलेली असते. एकाच कारखान्यात पाठोपाठ तयार झालेल्या दोन नळ्यांनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. त्यामुळे महागडं लेबल बघून पाच डबे उचलण्यापेक्षा चार-सहा प्रकारचे थोडे थोडे छर्रे आणून आपल्याच नळीतून तपासणं स्वस्त पडतं. हा धागा त्या तपासणीबद्दल.

आधी जे नक्की आहे ते. १० मीटरला ४.५ मिमी, चपट्या तोंडाचा छर्रा. चपटं तोंड कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. गोल डोक्याचे छर्रे लांबच्या अंतराला चांगले उडतात, पण कार्डाचं (कागदी लक्ष्याचं) भोक कडेने फाटल्यासारखं होतं. टोकदार आणि पोकळ तोंडाचे या कामाला विसरा.

वजन : मॅच (स्पर्धेच्या) रायफलमधून छर्रा साधारण १७० मी/से वेगाने सुटतो आणि तिला ०.५० ते ०.५३ ग्रॅमचे छर्रे सहसा बरे पडतात. आरडब्ल्यूएस कंपनीचे आर१० आणि मायस्टरकुगेल्न ०.५३ आणि ०.४५ ग्रॅम अशा दोन वजनांत येतात. जड ते रायफलसाठी, हलके ते पिस्तुलासाठी असं मानतात. तो नियम नव्हे. कमी ताकदीच्या रायफलला ०.४५ चाच छर्रा आवडला तर तोच वापरायचा.

आता तपासणी. रायफल बाकावर, पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) असेल तर पकडीत (व्हाइसमध्ये) आवळली तरी चालते, पण पकड दस्त्याला किंवा ॲक्शनला (नळीमागच्या यंत्रणेला) लागली पाहिजे, नळीला नाही. नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला कशाचाही टेकू नको.

पहिली फेरी : सहा प्रकार. प्रत्येकाचे आधी १० छर्रे नळी ‘बसण्यासाठी’, ते मोजायचे नाहीत. मग ५-५ चे दोन ग्रुप (ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा झुबका, जितका लहान तितका चांगला). एकूण १२०.
दुसरी फेरी : त्यातले तीन. पुन्हा १० बसवायला, मग ५-५ चे पाच ग्रुप. एकूण १०५.
तिसरी फेरी : उरलेले दोन. १० आणि ५०. एकूण १२०.

म्हणजे ३४५ छर्रे. ५०० च्या एका डब्यापेक्षा कमी. नळी बसवायच्या १० छर्र्यांची काटकसर करू नका. प्रत्येक छर्रा नळीत शिशाचा आणि त्यावरच्या वंगणाचा पातळ थर सोडतो. प्रकार बदलला की आधीच्याचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत शॉट इकडेतिकडे जातात, आणि त्याचा दोष बिचाऱ्या नव्या छर्र्याच्या माथी बसतो.

---

अर्धवट

डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. एच अँड एन कंपनीच्या फिनाले मॅचचे तर तिन्ही मिळतात. हा नेमका कशाचा आकार? आणि आपल्या नळीला कोणता हे व्हर्नियर लावून कळेल का? शंभरावा भाग मिलिमीटरचा फरक खरंच जाणवतो?

---

मोजपट्टी

तो डोक्याचा व्यास. छर्र्याचे तीन भाग धरा : डोकं, कंबर, स्कर्ट. डोकं आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) उंच कडांवर टेकून सरकतं आणि छर्र्याला सरळ ठेवतं. मागचा पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून आट्यांत दाबला जातो, हवा अडवतो आणि फिरकी घेतो. डोकं लहान पडलं तर छर्रा किंचित तिरका राहून नळीतून जातो आणि बाहेर पडल्यावर डगमगतो. मोठं पडलं तर घर्षण वाढतं, वेग घटतो, डोकं खरवडलं जातं. म्हणून शंभरावा भागही जाणवतो. प्रत्येक नळीत नाही, पण बऱ्याच नळ्यांत.

व्हर्नियरने कळणार नाही. साध्या व्हर्नियरचं लघुतम माप ०.०२ मिमी, म्हणजे तुम्हाला जो फरक शोधायचा आहे त्याच्या दुप्पट. वर शिसं मऊ. जबडा जरा जोरात लागला की तुम्ही छर्रा मोजत नाही, चेपता. मायक्रोमीटरचंही तेच. यासाठी ०.०१ मिमीच्या टप्प्याने वाढत जाणाऱ्या अचूक भोकांची पट्टी मिळते. छर्रा डोक्याकडून भोकांवर ठेवत जायचं, ज्या पहिल्या भोकात डोकं स्वतःच्या वजनाने उतरेल तो आकार. दाबायचं नाही.

पण बजेटचा प्रश्न असेल तर ती पट्टीही घेऊ नका. लेबलवरचा आकडा हा डब्याची सरासरी समजा, तीन आकारांचे थोडे थोडे छर्रे आणा आणि ग्रुप पाडा. नळी आपणहून सांगते.

फुकटातली एक चाचणी मात्र जरूर करा : छर्रा नळीतून हाताने ढकलून बघणे.

पीसीपी असेल तर सिलिंडर उतरवा, आत उरलेली हवा सुरक्षित दिशेला सोडून द्या. मागच्या बाजूने छर्रा बोटाने बसवा आणि प्लास्टिकच्या किंवा पितळी काठीने सावकाश पुढे ढकला. तोंडाशी मऊ फडकं धरा, नाहीतर छर्रा जमिनीवर पडून चेपतो आणि सगळं निरीक्षण वाया. आता भिंगाखाली डोकं बघा. आट्यांच्या बारीक खुणा चहूबाजूंनी सारख्या दिसल्या तर आकार बरोबरच्या आसपास. बऱ्याच मॅच नळ्यांत १२ आटे असतात, तेवढ्या खुणा मोजता येतात. एकाच बाजूला खुणा असतील तर छर्रा तिरका गेला. खुणाच नसतील तर डोकं लहान. खोल ओरखडे असतील तर मोठं.

ढकलताना हातालाही कळतं. सुरुवातीला एक अडथळा, मग एकसारखा प्रतिकार, आणि तोंडाजवळ पुन्हा जरा घट्ट. पुष्कळ चांगल्या नळ्या तोंडाशी मुद्दाम किंचित आवळलेल्या असतात. मधेच मोकळं लागलं तर मात्र नळी संशयास्पद.

एक लक्षात ठेवा, हाताने ढकलताना स्कर्ट फुगत नाही. त्यामुळे स्कर्टवरच्या खुणा खऱ्या शॉटपेक्षा फिक्या येतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

---

कोरडा चाप

लेख चांगला, पण वजनाचं काय? छर्रे वजनानुसार वेगळे केल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं आहे. दागिन्यांचा छोटा काटा घ्या, डबा ओता, ०.५२, ०.५३, ०.५४ असे तीन ढीग करा. अर्ध्या तासाचं काम.

---

निवांत नेमबाज (धागाकर्ता)

कोरडा चाप, हा गैरसमज इतका पसरलाय की आकडेमोड करूनच बघू.

१७० मी/से वेगाने १० मीटर जायला साधारण ०.०५९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात छर्रा गुरुत्वाकर्षणाने १७ मिमी खाली येतो, हवेचा अडथळा धरला तर जरा जास्त. वेग १ टक्क्याने बदलला की ही घसरण २ टक्क्यांनी बदलते, म्हणजे सुमारे ०.३५ मिमी. आता वजन. ढकलणारी ऊर्जा तीच धरली तर वजन १ टक्का वाढल्यावर वेग अर्धा टक्का घटतो. म्हणजे कार्डावर ०.१८ मिमी, तेही फक्त वर-खाली.

०.५३ ग्रॅमचा १ टक्का म्हणजे ०.००५३ ग्रॅम. तुमचा काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो, म्हणजे त्याची एक पायरीच जवळजवळ २ टक्के. तुमच्या तीन ढिगांतले बरेच छर्रे काट्याच्या गोल करण्यामुळे इकडचे तिकडे पडलेत. काम करायचंच तर ०.००१ ग्रॅमचा काटा लागेल, वारा लागू नये म्हणून झाकणासकट. त्या पैशात किती डबे येतात ते बघा.

आणि एवढं करून मिळवलं काय? डब्यातल्या सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड छर्र्यात ०.०१ ग्रॅमचा फरक असेल, तर दोघांच्या शॉटमध्ये जेमतेम ०.३३ मिमी. त्याउलट चुकीच्या आकाराचं डोकं किंवा चेपलेला स्कर्ट छर्र्याला चहूदिशांना भरकटवतो, मिलिमीटरांच्या हिशेबात.

---

कोरडा चाप

१० मीटरपुरतं मान्य. ५० मीटरला ही घसरण कितीतरी पट होते आणि तिथे काटा हवाच.

---

मोजपट्टी

५० मीटरचं खरं आहे, पण तिथे चपट्या तोंडाचा छर्राच चालत नाही, तो वेगळा विषय.

१० मीटरलाही काट्याचा एक उपयोग आहे. छर्रे निवडायला नाही, डबा निवडायला. नव्या लॉटमधले (कारखान्यात एका वेळी बनलेल्या खेपेतले) २० छर्रे तोला. १८ एका ठिकाणी आणि दोन भलतीकडे असतील तर साच्यात काहीतरी गडबड आहे. असा डबा सरावाला.

काट्याशिवाय तीच गोष्ट पकडायची सोपी युक्ती : काच. सपाट काचेचा तुकडा एका बाजूने अगदी थोडा उचला आणि वरच्या कडेला एका ठरावीक खुणेवरून, छर्रा आडवा ठेवून, सोडा. स्कर्ट डोक्यापेक्षा मोठा असल्यामुळे छर्रा सरळ न जाता कमान काढत घरंगळतो. एकसारखे छर्रे जवळजवळ एकाच जागी खाली पोचतात. ज्याचं डोकं लहान किंवा स्कर्ट वाकडा, तो वेगळ्या जागी जातो किंवा लंगडत, ठेचकाळत जातो. १०० छर्रे दहा मिनिटांत होतात. खाली टॉवेल पसरा.

---

स्प्रिंगवाला

वरचं सगळं पीसीपीवाल्यांचं चाललंय. ज्यांच्याकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी उलट्या आहेत.

एक, पकडीत आवळू नका. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा धक्का सुरू झालेला असतो. म्हणजे शॉट सुटताना रायफल हलतच असते आणि तिला दर वेळी सारखंच हलू देणं हे आपलं काम. पुढचा हात उघडा, दस्ता तळव्यावर नुसता टेकलेला, खांद्यावर हलका दाब. हाताची जागा दस्त्यावर टेप लावून ठरवून टाका, कारण ती दोन इंच सरकली तरी ग्रुप सरकतो. कडक बाकावर टेकवलेली स्प्रिंगची रायफल चांगल्या छर्र्यालाही नापास करते.

दोन, छर्रा किती आत बसवायचा हे ठरवा. बोटाने नळीच्या कडेशी समतल, की गोल टोकाच्या साधनाने अर्धा मिमी आत. दोन्ही करून बघा, पण एका ग्रुपमध्ये दोन्ही नको. बोटाने बसवताना एक वर एक खाली राहिला की वेग बदलतो. गोल टोकाच्या साधनाचा दुसरा फायदा, किंचित चेपलेला स्कर्ट दाबताना गोल होतो.

तीन, तेल. छर्र्याला खनिज तेल लावून स्प्रिंगच्या रायफलीत घालू नका. पिस्टनच्या दाबाने हवा तापते, तेलाची वाफ पेटते, कडाक् आवाज, धूर, आणि तो शॉट कार्डावर भलताच वर. लोक छर्र्याला शिव्या घालतात.

चार, ढकलून बघायची चाचणी करताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवा. रायफल चढलेली (स्प्रिंग ताणून अडकवलेली) असताना ती सुटली तर दणक्यात मिटते. नळी वाकते नाहीतर बोट सापडतं.

---

अर्धवट

दुसऱ्या फेरीसाठी एक नमुना देतो. एकाच डब्यातले ५-५ चे दोन ग्रुप, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत एक ६.४ मिमी आणि दुसरा ८.० मिमी. यातला कुठला खरा? चांगला धरायचा की वाईट?

---

दहा पॉइंट नऊ

दोन्ही खरे. आधी ४.५ वजा करा : मध्य ते मध्य १.९ आणि ३.५ मिमी. आकडे लिहिताना कायम मध्य ते मध्य लिहा, नाहीतर तुलना करताना गोंधळ होतो. ६.४ आणि ८.० ऐकायला सव्वापट वाटतात, प्रत्यक्षात फरक जवळजवळ दुपटीचा आहे.

पण दुपटीचा फरक असूनही छर्रा, नळी, पकड यात काहीच बदललेलं नसू शकतं. ५ शॉटच्या ग्रुपचा आकार निव्वळ योगायोगाने आपल्या सरासरीच्या पाव हिश्श्याएवढा वरखाली होत असतो. त्यामुळे सरासरी २.७ असलेला छर्रा अधूनमधून १.९ दाखवणार आणि अधूनमधून ३.५ दाखवणार. डब्यासोबत किंवा रायफलसोबत मिळणाऱ्या कार्डावरचा सुंदर ग्रुप हा असाच एक ग्रुप असतो.

शॉट वाढवले की ग्रुप मोठा होतोच. त्याच छर्र्याचा ३ शॉटचा ग्रुप सरासरी २.४ एकक असेल तर ५ चा ३.१ आणि १० चा ३.८. म्हणून कुणाचा ३ चा ग्रुप आपल्या १० च्या शेजारी ठेवून मन खट्टू करून घेऊ नका.

व्यवहारात काय करायचं :

पाच ग्रुपांची सरासरी घ्या. तरीही तिच्यात १०-१२ टक्के इकडेतिकडे राहतंच. तेव्हा एका छर्र्याची सरासरी ३.० आणि दुसऱ्याची ३.३ आली तर दोघे सारखे समजा आणि स्वस्त तो घ्या. ३.० आणि ४.५ असेल तर निर्णय झाला.

भरकटलेला शॉट वगळू नका. चाप ओढतानाच ‘हा गेला’ असं ओरडला असाल, म्हणजे कार्ड बघायच्या आधी, तरच तो वगळायचा हक्क. कार्ड बघून मग ‘हात हलला असेल’ म्हणणं म्हणजे छर्र्याला नापास होऊ न देणं. आणि जो छर्रा ५० मध्ये दोनदा विनाकारण भरकटतो त्याचे उरलेले ४८ कितीही देखणे असोत, स्पर्धेला तो नको.

हे गुणांत किती होतं? १० मीटरच्या कार्डावर १० चा ठिपका अवघा ०.५ मिमीचा. छर्र्याची कड त्याला शिवली की १०.०, म्हणजे छर्र्याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत. पुढे दर ०.२५ मिमीला एक दशांश गुण. मध्य ते मध्य ३.५ मिमीचा ग्रुप अगदी मधोमध बसला तर त्यातला सर्वांत लांबचा शॉट साधारण १०.३. तोच ग्रुप २ मिमीचा असेल तर १०.६. तुमच्या हाताचा, श्वासाचा, चापाचा खर्च यात अजून धरलेला नाही.

---

कोरडा चाप

धुण्याबद्दल कुणीच बोललं नाही. स्वस्त डब्यांच्या तळाशी शिशाचा भुगा, काळी पूड असते. ती नळीत नको.

---

मोजपट्टी

स्वस्त छर्र्यांसाठी धुणं उपयोगी, मॅचच्या चांगल्या छर्र्यांसाठी बहुतेक वेळा निरुपयोगी. मॅचचे छर्रे कारखान्यातून विशिष्ट वंगण लावून येतात, ते आपण धुऊन टाकतो आणि मग नवीन काय लावायचं हा प्रश्न उभा करतो.

धुवायचेच असतील तर असं : कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, छर्रे जाळीच्या चाळणीत, चाळणी पाण्यात हलक्या हाताने वर-खाली. ढवळायचं नाही, हाताने चोळायचं नाही, स्कर्ट लगेच चेपतात. दोन वेळा स्वच्छ पाणी. टॉवेलवर एकेरी थर पसरून पूर्ण वाळू द्या, स्कर्टच्या आत पाणी राहतं ते विसरू नका. हेअर ड्रायर लांबून चालेल. उघडं शिसं तसंच ठेवलं तर काळवंडतं, म्हणून डब्याच्या तळाशी स्पंजचा पातळ तुकडा ठेवून त्यावर ५०० छर्र्यांमागे एक-दोन थेंब सिलिकॉन तेल, आणि डबा हळूच फिरवा. ओले दिसता कामा नयेत. ती चाळणी आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

धुतलेले आणि न धुतलेले हे दोन वेगळे छर्रे समजून तपासा. धुतल्यावर ग्रुप सुधारला नाही तर एक काम कमी झालं.

---

शिसेमित्र

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर. शिसं पोटात जातं ते बहुतेक हातावाटे. छर्रे हाताळून झाल्यावर थंड पाणी आणि साबणाने हात धुवा, त्याआधी खाणं, पिणं, सिगारेट काहीही नाही. भरायला सोयीचं म्हणून छर्रे ओठांत धरायची सवय काही लोकांना असते. ती आजच सोडा. लहान मुलांच्या हाती डबा लागता कामा नये.

खरा धोका छर्रे थांबतात त्या पेटीजवळ असतो. पत्र्यावर आदळून शिशाची बारीक धूळ होते. ती कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. पेटीतला पत्रा तिरका, खाली वळवणारा हवा. सरळ उभ्या पत्र्यावरून तुकडा उसळून परत येऊ शकतो. डोळ्यांना चष्मा, शेजारी बसून कार्ड बघणाऱ्यालाही.

साठवणीबद्दल : पांढरी भुकटी आलेले छर्रे टाकून द्या. ओल आणि आंबट वाफा शिशाला खातात; पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा लाकडी कपाटात वर्षानुवर्षं ठेवलेल्या छर्र्यांवर ती हमखास येते. मूळ पत्र्याच्या डब्यात, कोरड्या जागी. डबा वरून पडला असेल तर त्यातला एकही छर्रा न बघता स्पर्धेला नेऊ नका.

---

अर्धवट

नळी किती वेळा साफ करायची? छर्रा बदलताना दर वेळी?

---

स्प्रिंगवाला

नाही. तपासणीत दोन प्रकारांच्या मध्ये साफ न करता सरळ १० शॉट मारून नळी बसवा, सगळ्यांना सारखी वागणूक मिळते. एरवी ग्रुप कारणाशिवाय उघडायला लागला की साफ करा. साफ केलेली नळी पुन्हा ताळ्यावर यायला १०-२० छर्रे घेते, तेव्हा स्पर्धेच्या सकाळी स्वच्छतेचा उत्साह नको.

नमद्याच्या बोळ्या पीसीपीतून उडवून साफ करता येतं. स्प्रिंगच्या रायफलीत तसं करू नका. हलकी बोळी हवा अडवत नाही, पिस्टन जवळपास रिकाम्यासारखा जाऊन आपटतो. तिथे दोरीने ओढायचं फडकं, मागून पुढे.

---

निवांत नेमबाज (धागाकर्ता)

आता पैशांकडे. तपासणी करून एक लॉट सापडला, पुढे काय?

डब्याच्या चिठ्ठीवर लॉट क्रमांक असतो तो लिहून घ्या. नाव, वजन, डोक्याचा आकार सगळं तेच असून लॉट बदलला तर तो नवा छर्रा धरा आणि दुसरी फेरी पुन्हा करा. साचे झिजतात, बदलतात. त्यामुळे परवडत असेल तेवढं एकाच लॉटचं एकदम घेणं शहाणपणाचं. स्पर्धेत ६० शॉट आणि आधीचे चाचणी शॉट धरून १०० छर्रे लागतात असं समजा. वर्षभरात दहा स्पर्धा म्हणजे १,०००, स्पर्धेआधीच्या सरावाला तेवढेच. म्हणजे एका लॉटचे चार डबे. रोजच्या सरावाला तो लॉट लागत नाही.

रोज काय वापरायचं हे तुमच्या हातावर अवलंबून आहे, आणि इथेही हिशेब करता येतो. हाताचा पसारा आणि छर्र्याचा पसारा सरळ बेरजेने वाढत नाही. दोघांचे वर्ग करून बेरीज आणि तिचं वर्गमूळ. समजा उभ्याने तुमचा स्वतःचा ग्रुप १२ मिमीचा आहे. ३ मिमीच्या छर्र्याने तो १२.४ होईल, २ मिमीच्या छर्र्याने १२.२. दुप्पट पैसे मोजून ०.२ मिमी. ६ मिमीचा सामान्य छर्रा घेतला तरी १३.४. पण तुमचा हात ४ मिमीवर आला असेल तर ३ मिमीच्या छर्र्याने ५.० आणि २ मिमीच्या छर्र्याने ४.५ होतो. दोन दशांश गुणांसाठी लढणाऱ्याला तो फरक मोठा.

म्हणून शिकाऊ माणसाने साध्या ०.४५ च्या छर्र्यांचा डबा घ्यावा, आर१० ला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत. त्या पैशात छर्रे दुप्पट येतात, आणि शिकाऊला हवे असतात ते शॉट.

---

दहा पॉइंट नऊ

यात एक अट घाला. सरावाचा छर्रा भरकटणारा नसावा. ग्रुप मोठा चालेल, पण दहात एक लांब फेकणारा छर्रा शिकणाऱ्याची वाट लावतो. चूक आपली की छर्र्याची हे त्याला कळतच नाही आणि तो बरोबर असलेली गोष्ट दुरुस्त करत बसतो. स्वस्त डब्यातून काचेवर घरंगळवून आणि स्कर्ट भिंगाखाली बघून शंभरातले आठ-दहा काढून टाकले की बहुतेकदा भागतं.

---

कोरडा चाप

काढलेल्या छर्र्यांचं काय करायचं?

---

मोजपट्टी

वेगळ्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात ‘नळी बसवायला’ असं लिहून. पण फक्त त्याच प्रकारची नळी बसवायला, आणि स्कर्ट फाटलेले त्यातही नकोत. सरावाचा आणि स्पर्धेचा छर्रा बदलला की नेमाचा मध्यही सरकतो, तेव्हा साईटच्या किती क्लिक इकडे आणि किती तिकडे हे झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. क्लिक मोजताना बाकावरचा १० शॉटचा ग्रुप घ्या. उभ्याने मारलेल्या पाचावरून साईट फिरवली तर दुसऱ्या दिवशी ती परत फिरवावी लागते.